शंभरातली एकेचाळीस झाली, आता सोडू की रेटू?

एका ताईंचं पत्र आलंय. नाव अर्थातच देत नाही, मजकूरही थोडा आवरता घेतलाय.

"वय ४९, नोकरी करते. चार वर्षं झाली, घरच्या घरी व्हिडिओ बघून तैलरंग शिकतेय. चार वर्षांत जेमतेम तीस चित्रं झाली म्हणून स्वतःलाच चॅलेंज दिलं: १०० दिवस, १०० तैलचित्रं, ६ बाय ८ इंच, रोज एक आणि त्याच दिवशी पूर्ण. सगळ्यांना सांगूनही टाकलं. पहिले पंचवीस दिवस झकास गेले, मग ऑफिसचं काम वाढलं, मधे आजारी पडले, आज ६३ वा दिवस आहे आणि चित्रं ४१. त्यातलं १२ नंबरचं लिंबू सगळ्यांना आवडलं, मलाही. ते पाऊण तासात झालं होतं, कारण त्या दिवशी बाहेर जायचं होतं. त्यानंतर दोन-दोन अडीच-अडीच तास बसते तरी तसं एकही जमलं नाही, सगळे रंग मळकट होतात. मागच्या रविवारी बॅकलॉग भरायला एका दिवसात तीन काढली, ३६, ३७, ३८, तिन्ही बघवत नाहीत. नवरा म्हणतो, छोटी छोटी काढ आणि आकडा पूर्ण कर, कोण बघतंय. मुलगी म्हणते, सोडून दे. मला वाटतं परत एकपासून सुरू करावं. पोहणं, गिटार, जर्मन, सगळं अर्धवट सोडलंय मी, आरंभशूर आहे. हेही सोडलं तर? आणि खरी भीती ही की मी सुधारतच नाहीये. घरभर ओले कॅनव्हास, कोपऱ्यात तेलाच्या चिंध्यांनी गच्च भरलेली पिशवी, आणि मी बसलेय मोजत."

ताई,

आधी ती चिंध्यांची पिशवी. पुढचं नंतर वाचा, आत्ता उठा आणि त्या चिंध्या बाहेर मोकळ्या हवेत एक-एक सुटी पसरून वाळत घाला, कडक होईपर्यंत, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवा. तैलरंगातल्या जवसाच्या तेलानं भिजलेलं कापड बोळा करून कोंबलं की आतल्या आत तापतं आणि काडी न लावता पेटू शकतं. मी घाबरवत नाहीये, माझ्याकडे एकदा अशा बोळ्याला हात लावला तर आत चांगलाच गरम होता, तेव्हापासून मी चित्र अर्धं टाकेन पण चिंधी तशी टाकत नाही.

झालं? बसा आता.

हे मी नुसतं काळजीपोटी आधी सांगितलं असं नाही, तुमच्या मळकट रंगांचं मूळही तिथंच आहे. तैलरंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं असं नसतं, पाणी मुळात नसतंच. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होत जातं, त्यात थोडी उष्णता निघते, चिंधीच्या बोळ्यात ती कोंडते म्हणून आग. कॅनव्हासवर ती निघून जाते पण काम त्याच संथ चालीनं चालतं. पातळ थरालासुद्धा हाताला न लागण्याइतकं व्हायला काही दिवस लागतात, जाड असेल तर आठवडे. आणि सगळे रंग सारखे नसतात, अंबर या तपकिरी रंगात मँगनीज असतं म्हणून तो लवकर वाळतो, टायटॅनियम व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक रेंगाळत बसतात.

म्हणजे बघा, संध्याकाळी सात ते साडेनऊ तुम्ही जे काही लावता ते साडेनऊला अजून ओलंच असतं. सव्वासातला लावलेला पिवळा, त्यावर आठला केलेली दुरुस्ती, मग साडेआठला "हे बरोबर नाही वाटत" म्हणून परत फिरवलेला ब्रश, हे सगळं एकमेकांत कालवलं जातं. शिवाय पिवळ्याच्या मागे जांभळट बॅकग्राउंड असेल, आणि ते स्टिल लाइफमध्ये, म्हणजे वस्तू मांडून काढलेल्या चित्रात, बऱ्याचदा असतंच कारण पिवळा त्यावर खुलतो, तर तो जांभळा जरा जरी पिवळ्यात शिरला की संपलं, दोघं मिळून राखाडी-तपकिरी. आणि सावलीसाठी काळा वापरत असाल, पत्रात लिहिलं नाहीये पण मला दाट शंका आहे, तर आयव्हरी ब्लॅक आणि पिवळा मिळून शेवाळी हिरवा होतो. फळाला बुरशी आल्यासारखं दिसतं. मग आपल्याला वाटतं आपल्याला रंग कळत नाही, म्हणून आणखी दुरुस्ती, आणखी मळ.

आता लिंबू आठवा. पाऊण तास, बाहेर जायचंय, फिरून फिरून घोटायला वेळच नाही. लावला रंग, सोडला, पुढे. ते चित्र चांगलं झालं यात नशिबाचा किंवा मूडचा काही भाग नव्हता, त्या दिवशी घड्याळानं तुमचा हात धरला एवढंच. ओल्यावर ओलं रंगवून एका बैठकीत चित्र संपवणं हे स्वतःच एक वेगळं कसब आहे आणि त्यात कमी वेळा हात लावणं हेच निम्मं काम असतं. तुम्हाला वाटतंय की लिंबाला पाऊण तास दिला तर इतकं छान झालं, मग अडीच तास दिले तर किती छान व्हायला पाहिजे. तैलरंगात हे गणित नाही ना चालत.

तर उपाय असा की टायमर लावा, पंचेचाळीस मिनिटं. ब्रश दोन तरी हवेत, एक उजेडाचा आणि एक अंधाराचा, आणि त्यांची अदलाबदल नाही. प्रत्येक दोन-तीन फटकाऱ्यांनंतर ब्रश चिंधीला पुसा, हो, प्रत्येक, कंटाळा येतो पण पुसाच. एखादी जागा चुकली तर त्यावर रंग चढवायचा नाही, पॅलेट नाइफनं तेवढा भाग खरवडून काढायचा, कॅनव्हास दिसेपर्यंत, आणि मग एकदाच लावायचा. तेल वरून घालत असाल तर थांबा, ट्यूबमधल्या रंगात पुरेसं तेल असतं, इतक्या छोट्या चित्राच्या नमनाला घडाभर तेल कशाला. आणि पॅलेटवर रंग कमी. झॉर्न या स्वीडिश चित्रकाराच्या नावानं ओळखलं जाणारं चार रंगांचं पॅलेट आहे, पांढरा, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, सिंदुरी लाल आणि काळा, लालच्या जागी हल्ली कॅडमियम रेड चालतो. त्यातल्या काळ्यात पांढरा घातला की तो चक्क निळसर वाटायला लागतो. त्यात लिंबू धड जमणार नाही हे आधीच सांगते, ऑकर तेवढा झगझगीत नसतो, त्यासाठी एक पिवळी ट्यूब जास्तीची घ्या. पण बारा-पंधरा ट्यूब पिळून बसू नका.

आता सुधारणेचं बोलू. तुम्ही म्हणता मी सुधारतच नाहीये. मी विचारते, तुम्हाला कसं कळलं? पत्रातल्या तुमच्या यादीत (इथे गाळलीय) लिंबू आहे, काचेची बरणी आहे, फोटोवरून काढलेला समुद्र, मुलीचा चेहरा, खिडकीतून दिसणारं झाड, कुत्रा. रोज विषय वेगळा, उजेड वेगळा, बहुतेक रंगही वेगळे. लिंबानंतर तीन दिवसांनी चेहरा काढला आणि तो लिंबापेक्षा वाईट झाला तर त्याचा अर्थ इतकाच की चेहरा लिंबापेक्षा अवघड असतो. यातून घसरण कशी मोजणार? एका दिवशी पळायला गेलात, दुसऱ्या दिवशी डोंगर चढलात आणि मग म्हणालात माझा वेग कमी झाला.

फ्रेंच चित्रकार मोनेनं १८९०-९१ मध्ये गव्हाच्या गंजी रंगवल्या, पंचवीसेक कॅनव्हास, विषय तोच. उजेड बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून त्या उजेडाचा दुसरा काढायचा, परत तो उजेड आला की परत पहिला. आणि बाहेरून आल्यावर स्टुडिओत बसून पुन्हा त्यावर काम. रोज एक आणि त्याच दिवशी पूर्ण असा नियम त्यानं घातला असता तर त्या गंजी झाल्याच नसत्या. इटलीतला चित्रकार मोरांदी तर वर्षानुवर्षं त्याच त्या बाटल्या आणि बरण्या मांडत बसला. (व्हॅन गॉगनं शेवटच्या सत्तर दिवसांत सत्तरच्या वर चित्रं काढली हे उदाहरण तुम्हाला कुणीतरी ऐकवलंच असेल, ते फार ऐकवतात. १८९० ची गोष्ट आहे ती, तोवर त्यानं दहा वर्षं दुसरं काहीही केलं नव्हतं, आणि त्याला सकाळी ऑफिस नव्हतं. सोडा ते.)

रोज एक छोटं तैलचित्र ही कल्पनाच वाईट आहे असं मी म्हणत नाही. डुएन कायझर या अमेरिकन चित्रकारानं २००४ च्या डिसेंबरपासून रोज पोस्टकार्डाएवढं एक चित्र काढायला घेतलं, त्यानंतर बऱ्याच जणांनी तो रस्ता धरला. पण तो तेव्हा मुरलेला चित्रकार होता आणि त्याचा आकार तुमच्याहून लहान. तुम्ही शिकणारी व्यक्ती, मोठा आकार, रोजचा नियम, त्याच दिवशी पूर्ण आणि शंभरची तारीख, एवढं सगळं एकदम अंगावर घेतलंत आणि आता त्यातलं काही निसटलं की दोष स्वतःच्या स्वभावाला देताय. नियम करताना तुम्ही नवख्या होतात, आता एकेचाळीस चित्रांचा अनुभव आहे, मग नियम बदलायचा हक्क कुणाला जास्त?

एक काम करा, या रविवारी रंगवू नका. एकेचाळीसच्या एकेचाळीस जमिनीवर मांडा, जी ओली आहेत ती भिंतीला टेकवा. चांगली-वाईट अशी विभागणी करू नका, ती तुम्ही रोज रात्री करताच. किती वेळ लागला त्यावरून ढीग करा, तासाच्या आतली एकीकडे, बाकीची दुसरीकडे. मग मोबाइलवर प्रत्येकाचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. माझा अंदाज असा की लिंबाच्या फोटोत उजेड, मधलं आणि अंधार असे तीन टोन स्वच्छ वेगळे दिसतील, आणि ज्यांच्यावर अडीच तास घोटलंय त्यांत सगळं एकाच राखाडीत लोळत असेल. तसं निघालं तर तुमचं दुखणं रंगाचं कमी आणि टोनचं जास्त आहे. माझा अंदाज चुकला तर उत्तमच, तुम्हाला निदान खरं काय ते कळेल. आता ३६, ३७, ३८ कडे बघून ढसाढसा रडायचं असेल तर रडा, पण टाकू नका ती, पुढे उपयोगी पडतील. आणि ओली चित्रं तोंडाला तोंड लावून कपाटात कोंबू नका, चिकटतात, शिवाय अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. (उजेडात आणून ठेवलं की तो पिवळेपणा बराचसा जातो, म्हणून आधीची कुठली तशी झाली असतील तर घाबरू नका.) व्हार्निशचा विचार तर इतक्यात नकोच, सहा महिने ते वर्ष जाऊ दे.

मग पर्यायांचं काय. नवऱ्याचं म्हणणं एका वाक्यात निकालात काढते. ५९ चित्रं उरलीत, दिवस ३७, म्हणजे रोज दीडपेक्षा जास्त, ऑफिस करून. याला पाट्या टाकणं म्हणतात. तो प्रयोग तुम्ही रविवारी करून बघितलात, त्याचा निकाल तुम्हीच लिहिलाय. "कोण बघतंय" या प्रश्नाचं उत्तर असं की तुम्ही बघताय, भिंतीला टेकवलेलं रोज.

मुलीचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. सोडणं हा खराखुरा पर्याय आहे आणि त्यात लाज काही नाही. फक्त रात्री साडेनऊला, मळकट पॅलेटसमोर बसून, दमलेल्या डोक्यानं सोडू नका. रविवारी सगळी मांडून बघितल्यावर, दिवसाउजेडी, जर असं वाटलं की नको हे, मला महिन्यातून एकच मोठं चित्र निवांत काढायचंय, तर खुशाल सोडा. ती आवड बदलणं झालं.

परत एकपासून, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. शाळेत नवी वही आणली की पहिली चार पानं अक्षर सुंदर, मग खाडाखोड झाली की वाटतं दुसरी वही आणावी, तसलं आहे हे. नवा एक, नवा दोन, आणि पंचविसाव्यानंतर परत ऑफिसचं काम वाढणारच आहे, ते काय तुमच्या चॅलेंजला विचारून वाढत नाही. आणि ही एकेचाळीस मग कुठल्या खात्यात टाकणार?

मी तुमच्या जागी असते तर शंभर तसेच ठेवले असते, तारीख काढून टाकली असती, आणि चित्रं मोजायची सोडून बैठका मोजल्या असत्या. पंचेचाळीस मिनिटांची एक बैठक, आठवड्यात तीन, ५९ बैठका म्हणजे साधारण वीस आठवडे. बैठकीच्या शेवटी चित्र आवडलं तर ठेवा, नाही आवडलं तर सगळं खरवडून कॅनव्हास पुसून टाका, तरी ती बैठक मोजायची. हे ऐकायला पळवाट वाटेल पण करून बघा, पुसायची परवानगी मिळाली की हात केवढा मोकळा होतो. नुसते रंग मिसळून बघितले, एका पिवळ्याच्या दहा छटा करून कॅनव्हासच्या तुकड्यावर लावल्या, तीही बैठक. चित्र दोन दिवसांत करायचं असेल तर तेही चालेल, फक्त खालचा थर पातळ आणि कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, उलटं केलं तर पुढे जाऊन वरच्या थराला भेगा पडू शकतात.

आणि पुढच्या दहा बैठका एकच विषय. तेच लिंबू, तीच काचेची बरणी, टेबलाची तीच बाजू, तोच दिवा, तोच बल्ब. टेबलावर बरणी कुठे होती तिथे चिकटपट्टीनं खूण करून ठेवा. आकार ६ बाय ८ च. पहिलं आणि दहावं शेजारी ठेवलंत की सुधारणा आहे की नाही ते तुम्हाला दिसेल, मला किंवा कुणाला विचारावं लागणार नाही. त्या १२ नंबरच्या लिंबासारखं एकही होणार नाही कदाचित, म्हणून त्याची नक्कल करायला जाऊ नका, ते भिंतीकडे तोंड करून ठेवा थोडे दिवस.

लोकांना काय सांगायचं याची तुम्हाला जास्त चिंता दिसतेय, चार ओळी आहेत पत्रात त्यावर, इथे गाळल्यात. कुणी विचारलं तर म्हणा, "एकेचाळीस झाली, तारीख काढून टाकलीय, काम चालू आहे." बस. ऑफिस, आजारपण, बॅकलॉग, काही सांगत बसू नका. विचारणाऱ्याला तेवढा तपशील नको असतो हो, चहाच्या वेळेपुरता प्रश्न असतो तो.

राहिलं ते आरंभशूरपण. चार वर्षांत तीस चित्रं आणि नऊ आठवड्यांत एकेचाळीस, आकडे तुमचेच आहेत. गिटार आणि जर्मन का सुटलं मला माहीत नाही, कदाचित नकोच असेल तुम्हाला. पण जिला हे नको असतं ती बाई ६३ व्या दिवशी मळकट रंगांबद्दल इतकं चिडून दोन पानी पत्र लिहीत नाही. हे गोड बोलणं समजू नका, तुमचे रंग मळकट आहेतच आणि ३८ वं चित्र खरोखर वाईट असणार. मी एवढंच म्हणतेय की स्वभावाचं प्रमाणपत्र लिहायची घाई नको.

तुमच्यासारखेच अडकलेले बाकीचे वाचक, तुमचं चॅलेंज जलरंगांचं असो, स्केचबुकचं असो की रोज पानभर लिहायचं, हे बघा की नियम करताना तुम्ही माध्यमाला विचारलं होतं का. जलरंग मिनिटांत वाळतो, तिथं रोज एक शक्य आहे. लाकडावर कोरीवकाम करणाऱ्यानं रोज एक ठरवलं तर तो बोटं कापून घेईल. आणि आठवड्यातले सगळे दिवस भरून टाकणारा नियम करू नका, एक तरी दिवस रिकामा ठेवा, तापाला आणि पाहुण्यांना लागतोच.

ताई, रंग पातळ करायला, ब्रश धुवायला टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी ठेवता ना? त्याऐवजी बिनवासाचं सॉल्व्हंट असेल तरी ठेवा, वास नाही म्हणजे वाफ नाही असं नसतं. बेचाळिसावी बैठक झाली की कळवा. दहा बैठका होईपर्यंत लिंबू सुकून टणक होईल, बदलू नका, तेच ठेवा, त्याचा पिवळा कसा तपकिरीकडे जातो तेही रंगवायला मिळेल.